सशाच्या पाठीवरचे चार तास: केमिकल हाताला लागलं तर काय होईल हे ठरतं कसं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, परवा भाचा घरी आला आणि मग राहवलंच नाही. त्याला रायगड जिल्ह्यातल्या एका टॉक्सिकॉलॉजी लॅबमधे नोकरी लागतेय, ॲनिमल हाऊसला, आणि तो म्हणाला आत्या, तू सात वर्षं हेच करायचीस ना, मला सांग ना नक्की काय असतं. मी सांगायला सुरुवात केली पण शेजारी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबलेला बघितला आणि मी पण थांबले. म्हणून इथे लिहिते.

तुमच्या घरातला टॉयलेट क्लीनर, शेतातलं फवारणीचं औषध, कारखान्यातला सॉल्व्हंटचा ड्रम, या प्रत्येकाबद्दल कुणीतरी ठरवलेलं असतं की हे कातडीला लागलं तर नुसतं लाल होईल की कातडी जळून जाईल. लाल होऊन आपोआप बरं होणार असेल तर इरिटेशन, दाह. कातडीचा वरचा थर भेदून आतपर्यंत मरणार असेल, व्रण राहणार असेल तर करोजन. हा फरक ठरवायची जुनी पद्धत म्हणजे पांढरा ससा.

कसं असतं ते सांगते. न्यूझीलंड व्हाइट जातीचा तरुण ससा. आदल्या दिवशी, म्हणजे साधारण २४ तास आधी, पाठीवरचे केस मशीनने काढायचे, कातडीला ओरखडा येता कामा नये. सशाला उचलताना मागचे पाय खालून धरावेच लागतात, नाहीतर घाबरून अशी लाथ मारतो की स्वतःचाच मणका मोडून घेतो, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं. मग अर्धा मिली द्रव, किंवा पावडर असेल तर अर्धा ग्रॅम ओलसर करून, साधारण अडीच बाय अडीच सेंटिमीटरच्या गॉजवर घ्यायचं, म्हणजे सहा चौरस सेंटिमीटर, ते पाठीवर ठेवून हवा थोडी खेळेल अशी पट्टी बांधायची. चार तास. मग पट्टी काढून पाण्याने हलक्या हाताने पुसायचं आणि एका तासाने, २४, ४८ आणि ७२ तासांनी बघायचं. लाली किती, सूज किती, दोन्हीला ० ते ४ मार्क. लालीचा ४ म्हणजे बीटासारखा लाल किंवा खपली धरायला लागलेली. बरं होतंय का हे बघायला १४ दिवसांपर्यंत थांबायचं.

ही ओईसीडीची, म्हणजे बऱ्याच देशांनी मिळून चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची, ४०४ नंबरची गाइडलाइन, १९८१ सालची, नंतर बऱ्याचदा सुधारलेली. आणि मला जे सांगायचंय ते त्या सुधारणांबद्दलच आहे. २००२ पासून तिच्यासोबत स्पष्ट लिहून आलंय की ससा शेवटी. आधी जुना डेटा बघा, पीएच बघा, रेणूची रचना बघा, काचेतल्या, म्हणजे जनावराशिवाय लॅबच्या भांड्यात होणाऱ्या, पद्धती करा. पीएच २ किंवा त्याहून कमी, किंवा ११.५ किंवा त्याहून जास्त, आणि त्या आम्ल-अल्कलीचा साठाही (म्हणजे तिला निष्क्रिय करायला किती लागेल ते) भरपूर असेल, तर ते जाळणारच आहे असं धरून चाला, जनावरावर लावूच नका.

माझ्या हातून एक स्टडी झाला. नाव नाही सांगणार. सफाईचं एक लिक्विड होतं. पीएचचा कागद फाईलमधेच होता, १३ च्या वर. स्पॉन्सरला, म्हणजे टेस्ट करून घेणाऱ्या कंपनीला, भारतातला स्वतःचा रिपोर्ट हवा होता, वर कुणी वाद घातला नाही आणि मी तर टेक्निशियन, माझ्यापर्यंत आलं ते फक्त प्लॅन आणि ससा. पहिला पॅच तीन मिनिटांचा. तीन मिनिटांनी गॉज उचललं तर खालची कातडी पांढरट, ओल्या कागदासारखी. ससा ओरडला नाही. ससे सहसा ओरडत नाहीत, तो नुसता कान मागे चिकटवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात अंग गोळा करून बसला. तिथेच टेस्ट थांबवली, डॉक्टरांनी त्याला कानाच्या शिरेतून शेवटचं इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी मी क्वालिटीला गेले तेव्हा तीच फाईल माझ्याकडे तपासायला आली आणि मागच्या बाजूला जोडलेल्या कागदांमधे त्याच मालाचा युरोपमधला जुना रिपोर्ट होता. उत्तर आधीच घरात होतं हो. कुणी वाचलं नव्हतं.

भाच्याला काय सांगू? नोकरी करू नको म्हणू की कर पण असं कर म्हणू? तुम्हा सगळ्यांचं मत हवंय, विशेषतः जे या क्षेत्रात आहेत त्यांचं.

भट्टीवाला:

रानजाई ताई, छान लिहिलंय म्हणवत नाही पण लिहिलंत ते बरं केलंत. मी लोट्याला एका केमिकल कंपनीत सेफ्टी बघतो, मला दुसरी बाजू सांगायचीय.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरून एक डीग्रीझर, म्हणजे तेल-ग्रीस काढायचं लिक्विड, यायचा, जेरीकॅनमधे. लेबलवर उद्गारचिन्हाचं चित्र, म्हणजे इरिटंट. आमचा एक हेल्पर, वय असेल तेवीस, तो छोट्या बाटल्यांमधे काढत होता आणि त्याच्या ग्लोव्हजमधे वरून थोडं आत गेलं. त्याला दुखलंच नाही. अल्कलीचं हेच वाईट, ॲसिड लगेच झोंबतं, अल्कली आधी साबणासारखी बुळबुळीत लागते कारण ती तुमच्या कातडीतल्या चरबीचाच साबण करत असते. त्याला वाटलं घाम आहे. पाऊण तासाने चहाच्या सुट्टीत ग्लोव्ह काढला तेव्हा मनगटाच्या आतली बाजू पांढरी पडलेली. नळाखाली किती वेळ धरलं, पण उशीर झाला होता. मांडीची कातडी काढून लावावी लागली. अजून त्याची करंगळी पूर्ण सरळ होत नाही.

मी नंतर तो माल तपासून घेतला. पीएच १३.२. सप्लायरला विचारलं की इरिटंट कशावरून लिहिलं, तर उत्तर आलं की तशाच दुसऱ्या प्रॉडक्टवरून.

म्हणून मला टेस्ट नकोच असं म्हणता येत नाही. कुणीतरी नीट ठरवलेलं असलंच पाहिजे. पण ताई म्हणतात तेही खरं, त्या हेल्परच्या हातासाठी ससा लागणार नव्हता, पीएच पेपरची एक पट्टी पुरली असती.

हिरवा_चाफा:

वाचून झोप उडाली. मला एक कळत नाही, आपल्याकडे २०१४ मधेच प्राण्यांवर टेस्टिंग बंद झालंय ना?? मी तेव्हा पुण्यात सह्यांच्या मोहिमेत होते, आम्ही पेढे वाटले होते!! मग हे सगळं चालू कसं?

रानजाई:

हिरवा_चाफा, ते खरंय पण ते फक्त कॉस्मेटिक्सचं. मे २०१४ मधे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-सी आला, त्याने कॉस्मेटिक्सची जनावरांवर चाचणी बंद झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे १३५-बी आला, म्हणजे बाहेर जनावरांवर टेस्ट केलेली कॉस्मेटिक्स इथे आणायलाही बंदी. युरोपात हे टप्प्याटप्प्याने झालं, २००४ ला तयार माल, २००९ ला घटक, आणि २०१३ च्या मार्चमधे विक्रीवरसुद्धा. तुमच्या सह्या वाया गेल्या नाहीत, उलट त्यामुळेच लॅबना नवीन पद्धती शिकाव्या लागल्या.

पण शेतीची औषधं, रंग, कारखान्यातली केमिकल्स, वाहतुकीसाठीचं वर्गीकरण हे त्या नियमात येत नाही. आमच्या लॅबमधे कॉस्मेटिकचं काम तसंही फार थोडं होतं.

जुनी_खिडकी:

माझं वय आता ७४. मी १९७० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत एका लॅबमधे लागलो तेव्हा जे करायचो त्याच्या तुलनेत रानजाईंनी लिहिलेलं सौम्य वाटेल, म्हणून लिहितो, म्हणजे भाच्याला कळेल की गाडी कुठून कुठे आली.

तेव्हा सहा ससे लागत. एकेका सशाच्या पाठीवर काही जागा अखंड कातडीची आणि काही जागा सुईने मुद्दाम ओरखडून घेतलेली, दोन्हीवर माल लावायचा, वरून रबरासारखा हवाबंद पट्टा गुंडाळायचा आणि चार नाही, चोवीस तास ठेवायचा. ही ड्रेझची मूळ पद्धत. जॉन ड्रेझ हे अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्यातले शास्त्रज्ञ, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९४४ मधे हे प्रसिद्ध केलं. लोक त्यांना आज राक्षस म्हणतात पण त्याच्या आधी काय होतं तेही बघावं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्यूर नावाचा पापण्यांचा रंग विकला जायचा, त्यात पॅराफेनिलीनडायअमिन होतं, बायकांचे डोळे गेले, आणि सरकारला तो माल बाजारातून काढायचा अधिकारच नव्हता कारण कॉस्मेटिक्सना कायदाच लागू नव्हता. तो कायदा आला १९३८ ला. मग मोजायचं कसं हा प्रश्न आला आणि ड्रेझने मोजमाप दिलं. त्याआधी जो तो आपल्या मनाने ठरवायचा.

पण ते मोजमाप किती पक्कं होतं? १९७१ मधे वाइल आणि स्काला यांनी एकच पदार्थ वीस-पंचवीस लॅबना पाठवून बघितले, डोळ्यांचे आणि कातडीचे दोन्ही. एका लॅबने ज्याला सौम्य म्हटलं त्याला दुसरीने तीव्र म्हटलं. आम्ही तो पेपर डब्यासमोर बसून वाचला होता आणि कुणी काही बोललं नाही. कारण आम्हाला माहीतच होतं. आमच्याच लॅबमधे खिडकीजवळच्या टेबलावर बघितलं तर लाली २ आणि ट्यूबलाइटखाली बघितलं तर १. मी आणि माझा सहकारी एकाच सशावर वेगळे मार्क द्यायचो आणि मग मधला काढायचो.

त्या मधल्या आकड्यासाठी किती ससे गेले हे मी मोजलेले नाहीत. मोजायला हवे होते.

गोठ्यातला_डॉक्टर:

जुनी_खिडकी काका, नमस्कार. मी परभणीला व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला सशाच्या वेदनेबद्दल एकच तास होता. ससा हा शिकार होणारा प्राणी, तो दुखणं लपवतो, म्हणून २०१२ मधे सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी आली, डोळे किती मिटलेत, गाल किती चपटे झालेत, नाकपुडीचा आकार, मिशा, कान कसे धरलेत. रानजाई ताईंनी जे लिहिलंय ना, कान मागे आणि डोळे अर्धे मिटलेले, ते तंतोतंत त्यातलं आहे.

प्रश्न असा की वेदनाशामक देत नाहीत का?

रानजाई:

डॉक्टर, डोळ्याच्या टेस्टमधे देतात. त्या ४०५ नंबरच्या गाइडलाइनमधे २०१२ ला डोळा बधिर करणारे थेंब आणि वेदनाशामक दोन्ही घातले. कातडीच्या टेस्टमधे तसं बंधन नाही, तिथे विचार असा की जनावरं कमी करा आणि टप्प्याने जा. म्हणजे आधी एकच ससा, शंका असेल तर पॅच तीन मिनिटं, मग एक तास, मग चार तास, आणि कुठेही जळलं की तिथेच थांबा. काही झालं नाही तरच अजून दोन ससे. काकांच्या काळातले सहा, आता जास्तीत जास्त तीन. काका, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, हे सांगायला सोपं नाही मला माहितीये.

कापूसवेचणी:

मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. तुमचं सगळं वाचलं, सगळं समजलं असं नाही. पण कामाचा प्रश्न विचारतो. औषधाच्या डब्यावर त्रिकोण असते, लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा असला तर हाताला लागलं तरी चालते असंच आमच्याकडे सगळे धरतात. दुकानदारही तेच सांगते. हा त्रिकोण सशावरूनच ठरते का? २०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली तेव्हापासून मी हातमोजे घालतो पण बाकीचे हसतात.

रानजाई:

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तुम्ही हातमोजे घालता ते अगदी बरोबर करता.

नाही, तो त्रिकोण कातडीच्या दाहावरून ठरत नाही. तो ठरतो किती मात्रेत जीव जातो यावरून. म्हणजे उंदरांपैकी किंवा ज्या जनावरावर चाचणी केली त्यांपैकी निम्मी जनावरं मरतील अशी मात्रा, पोटातून आणि कातडीतून. पोटातून किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. एखादं औषध पोटात गेलं तर जीव घेणार नाही म्हणून हिरवा असेल, पण तेच हाताला किंवा डोळ्याला लागलं तर जाळू शकतं. त्याची माहिती त्रिकोणात नसते, ती असते डब्यासोबतच्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात. तो कागद बहुतेक वेळा बांधावरच उडून जातो.

आणि औषध काढून फवाऱ्यात घालताना जे हाताला लागतं ते सगळ्यात घट्ट असतं, पाणी मिसळायच्या आधीचं, तेव्हा हातमोजे नक्की घाला, डोळ्यालाही काहीतरी लावा.

कापूसवेचणी:

हे कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा वर्षं झाली फवारणी करतो. कागद मराठीत असते पण अक्षर इतकं बारीक की भिंगाशिवाय होत नाही. पोराला वाचायला लावतो. धन्यवाद ताई.

भट्टीवाला:

दादा, भर घालतो. हाताला लागलं तर चिंच लिंबू काही लावू नका, माती पण नको, फक्त वाहतं पाणी, भरपूर, आणि अंगावरचा कपडा आधी काढा. आमच्याकडे ॲसिड लागलं की कुणीतरी सोडा आणायला पळतं, अल्कली लागली की व्हिनेगर. दोन्ही चूक. त्याने आणखी उष्णता होते आणि वेळ जातो तो वेगळाच.

ऱ्हाईनकाठ:

उशिरा येतोय. मी जर्मनीत आहे, काम काचेतल्या कातडीचं, म्हणजे ज्यावर आता सशाच्या ऐवजी टेस्ट होते. इथे बरेच जण विचारतात की ती कातडी असते तरी कशी, तर सांगतो.

ऑपरेशनमधून उरलेली माणसाची कातडी, रुग्णाच्या परवानगीने, त्यातल्या केराटिनोसाइट नावाच्या पेशी वेगळ्या करायच्या आणि एका जाळीच्या बारीक पेल्यात वाढवायच्या. पेला किती, तर शर्टाच्या बटणाएवढा. खाली खाद्य, वर मोकळी हवा. पेशींना हवा लागली की त्या वरच्या बाजूला थर रचायला लागतात, अगदी आपल्या अंगावर होतं तसे, आणि सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा कडक थर तयार होतो. तो थर महत्त्वाचा, कारण केमिकलला तोच अडवतो. हाताने वरून बघितलं तर ओलसर, दुधी, फुंकर मारली तर फाटेल असं वाटतं.

करोजनसाठी त्यावर माल टाकायचा, तीन मिनिटं आणि साठ मिनिटं. मग धुवायचं आणि एमटीटी नावाच्या पिवळ्या द्रावणात ठेवायचं. पेशी जिवंत असतील तर त्या पिवळ्याचं जांभळं करतात. जांभळा रंग अल्कोहोलने काढून मशीनवर मोजला की किती टक्के जिवंत ते कळतं. तीन मिनिटांत निम्म्याच्या खाली आलं तर करोसिव्ह, तिथे टिकलं पण तासाने १५ टक्क्यांच्या खाली गेलं तरी करोसिव्ह. दाहाची टेस्ट वेगळी, त्यात माल लावून धुवून पुढे ४२ तास वाट बघायची कारण दाह हळू वर येतो, आणि मग ५० टक्के हीच रेघ. ओईसीडीच्या नंबरांत पहिली ४३१, दुसरी ४३९, ही दुसरी २०१० मधे आली.

पहिल्यांदा मी तो रंग बघितला तेव्हा एका रांगेत तीन पेले गर्द जांभळे आणि शेजारचे तीन फिक्के पिवळे. खिडकी, ट्यूबलाइट कशाचाच प्रश्न नाही. जुनी_खिडकी काका, मला तुमचं वाचून तेच आठवलं.

पण खोटं नाही बोलणार, यातही अडचणी आहेत. काही रंगीत माल स्वतःच जांभळा दिसतो, काही माल पेशी नसतानाही एमटीटीचा रंग बदलतो, त्यासाठी वेगळे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, लावावे लागतात. आणि करोसिव्हमधे तीन पोटवर्ग असतात, १ए म्हणजे तीन मिनिटांच्या आत जाळणारं, १बी म्हणजे तासाच्या आत, १सी म्हणजे चार तासांच्या आत. आमची कातडी १ए वेगळं काढते, पण बी आणि सी यांच्यात तिला नीट फरक करता येत नाही.

भट्टीवाला:

आणि आम्हाला नेमका तिथेच फरक पडतो हो. वाहतुकीत पॅकिंग ग्रुप एक, दोन, तीन असतात (एक म्हणजे सगळ्यात धोक्याचा), ते यावरच जातात. दोन लागला की ड्रम वेगळा, भाडं वेगळं. मग मार्केटिंगवाले म्हणतात काहीतरी करून तीन आणा.

ऱ्हाईनकाठ:

बरोबर, आणि तिथेच ससा परत बाहेर काढला जातो, भाडं वाचवायला. माझं म्हणणं असं की वरचा वर्ग घ्या आणि गप्प बसा. ड्रम जास्त भक्कम झाला तर हेल्परचं भलंच आहे. काही पदार्थांसाठी ४३५ नंबरची पद्धत आहे, त्यात जनावर नाही, पेशी पण नाही, एक प्रथिनाचं पटल असतं आणि ते फुटायला किती वेळ लागतो ते बघायचं, ती तीनही गट सांगते. सगळ्या मालाला चालत नाही पण ॲसिड-अल्कलींना चांगली चालते.

हिरवा_चाफा:

मग भारतात हे सगळं का होत नाही लगेच? पैसे?

रानजाई:

पैसे हे एक. पण मी बघितलेली मुख्य अडचण वेगळीच. आमच्या लॅबने एकदा बाहेरून ही कातडी मागवली. ती जिवंत असते, बर्फाच्या पिशव्यांसोबत येते आणि थोड्या दिवसांत वापरावी लागते. पार्सल शुक्रवारी मुंबई विमानतळावर उतरलं आणि एका कागदावरून अडलं, शनिवार रविवार गेला, सोमवारी दुपारी आमच्याकडे पोचलं. आम्ही तरी उघडून कंट्रोल लावून बघितलं. ज्या पेल्यांवर फक्त सलाईन टाकलं होतं तेही फिक्के आले. मेलेली होती. एवढे पैसे, एवढी धावपळ. त्या आठवड्यात साहेब म्हणाले की ससे तर खालच्या मजल्यावर आहेत. त्यांचा राग नाही आला मला, त्यांच्यावरही रिपोर्टची तारीख होती. पण तेव्हाच कळलं की कायदा बदलला म्हणजे झालं असं नसतं, ती कातडी इथेच वाढली पाहिजे.

आणि दुसरं म्हणजे तोच तोच डेटा परत करणं. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सभासदासारखा आहे, म्हणजे नीट जीएलपीमधे (लॅबकामाच्या ठरलेल्या नियमांत) केलेला अभ्यास एका देशात झाला की दुसऱ्याने तो मानायचा. तरीही लोक "आपला रिपोर्ट असावा" म्हणून परत करायला लावतात. माझा तो तीन मिनिटांचा ससा त्यातच गेला.

जुनी_खिडकी:

रानजाई, एक सांगतो. १९८० मधे न्यूयॉर्क टाइम्समधे हेन्री स्पायरा यांनी पानभर जाहिरात दिली होती, सौंदर्यासाठी किती ससे आंधळे करता असं एका मोठ्या कंपनीला थेट विचारणारी. तिचं कात्रण आमच्याकडे कुणीतरी आणलं होतं. आमचे प्रमुख चिडले. पण त्या कंपनीने पुढे पर्यायी पद्धती शोधायला रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. बाहेरून ओरडा झाला म्हणून आतले दरवाजे उघडले. हिरवा_चाफा यांच्यासारख्यांनी ओरडत राहावं, आणि भाच्यासारख्यांनी आत असावं. मी आत होतो आणि गप्प होतो, ते चुकलं.

गोठ्यातला_डॉक्टर:

भाच्याने नक्की जावं असं माझंही मत. एथिक्स कमिटीचं कुणी सांगेल का? आम्हाला पुस्तकात आहे पण प्रत्यक्षात कसं चालतं?

रानजाई:

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली जनावरांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती आहे, आधी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. प्रत्येक नोंदणीकृत लॅबमधे तिची स्थानिक कमिटी असते, आयएईसी. त्यात लॅबचे शास्त्रज्ञ, जनावरांचे डॉक्टर, केंद्राने नेमलेला माणूस, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि एक शास्त्रज्ञ नसलेला समाजातला जाणकार. फॉर्म बी भरायचा, त्यात लिहायचं की जनावर का लागतं, किती लागतात, पर्याय का चालत नाही.

प्रत्यक्षात कसं चालतं ते माणसांवर आहे. मी बसलेल्या बैठकींमधे "पर्याय उपलब्ध नाही" हे वाक्य इतक्या फॉर्मवर सारखंच होतं की ते टाइपलेलं नसून छापलेलं वाटायचं. पण एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, समाजातल्या सभासद म्हणून. त्या प्रत्येक कातडीच्या फॉर्मवर एकच विचारायच्या, "याचा पीएच किती?" उत्तर नसेल तर फॉर्म परत. त्यांना टॉक्सिकॉलॉजी येत नव्हती. पण त्या बाईंच्या काळात आमच्याकडे ११.५ च्या वरचा माल सशाकडे गेला नाही. माझा स्टडी त्या यायच्या आधीचा.

हिरवा_चाफा:

मला असं सभासद व्हायचंय. खरंच विचारतेय. कुठे अर्ज करायचा ते कुणाला माहीत असेल तर व्यनि करा. या बाईंनी जे केलं ते मी सह्या गोळा करून करू शकले नाही.

भट्टीवाला:

धागा वर काढतोय. ताई, तुमचं वाचून मी आमच्या स्टोअरमधल्या सगळ्या मालाच्या सेफ्टी डेटा शीट काढल्या. नऊ नंबरच्या भागात पीएच असतो, अकरा नंबरला कातडीवरचा परिणाम आणि चौदाला वाहतुकीचा वर्ग. तिन्ही एकमेकांशी जुळतात का एवढंच बघितलं. चार मालांचं जुळलं नाही. एकाला पीएच १२.९ आणि अकरा नंबरला लिहिलंय "सौम्य दाह". चौघांनाही मेल टाकलेत, उत्तर येईपर्यंत आम्ही स्वतः करोसिव्हचं स्टिकर लावलंय, ते हातावर आणि पट्टीवर थेंब पडतानाचं चित्र. आमच्या त्या पोरालाच सांगितलं लावायला, त्याने स्वतःहून मागितलं ते काम.

रानजाई:

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते. भाचा रुजू झाला. पहिला आठवडा नुसता सशांना उचलायचा सराव, मागचे पाय खालून.

काल रात्री फोन आला. त्याच्या हातात पहिला प्लॅन आलाय, कातडीचाच. त्याने मालासोबत आलेला कागद उलटा-पालटा करून बघितला, पीएच १२.४. आधी भीती वाटली म्हणाला, मग सीनिअरकडे गेला आणि म्हणाला सर, याचा अल्कलीचा साठा मोजलाय का. सीनिअर जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले टायट्रेशन लाव. आज सकाळी ते करून ठेवलंय, स्पॉन्सरला मेल गेलाय, जुना डेटा असेल तर द्या म्हणून. उत्तर यायचंय. काय येईल सांगता येत नाही.

तोपर्यंत प्लॅन थांबलाय. ससा पिंजऱ्यातच आहे, पाठीवरचे केस अजून काढलेले नाहीत.